काय झालं ते नको, काय केलं ते सांगा

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंच्या घरचे दोन्ही कूलर माझ्याकडे असतात. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, ताट्या बदलायच्या असतील. त्या म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, मॅडम, मी नववीत शाळा सोडलेला माणूस. त्या म्हणाल्या, तुम्ही कूलर उघडून बसता आणि तासभर बोलता, तेच लिहा. मी तासभर बोलतो हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दोन रात्री झोप नीट लागली नाही. पण नाही म्हणवलं नाही. या गावानं मला कशालाच नाही म्हटलेलं नाही, मग मी तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

मी मूळचा कुडाळकडचा. वडील गेल्यावर शाळा सुटली आणि गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर नागपूरला आलो. शंकरराव उस्तादांचं टिनाचं दुकान होतं. उन्हाळ्याआधी कूलरचे डबे करायचे, उन्हाळाभर दुरुस्त करायचे. त्यांनी मला काम शिकवलं, त्यांच्या घरी मी जेवलो, कावीळ झाली तेव्हा तिथंच दीड महिना पडून होतो. काकूंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आज माझं स्वतःचं दुकान आहे, बायको इथलीच आहे, मुलं मले-तुले बोलतात. मी अजून मला-तुला बोलतो, आणि गिऱ्हाइकं अजून विचारतात, कुठचे हो तुम्ही?

ज्यांनी कूलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा एक टिनाचा डबा. तीन बाजूंना वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या भुशाच्या ताट्या. तळाशी पाणी. पाण्यात एक छोटा पंप, तो पाणी नळीनं वर चढवतो, वरून ते ताट्यांवर झिरपतं. पुढे पंखा. पंखा बाहेरची तापलेली हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो. ताटीतलं पाणी सुकताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि खोलीत गार हवा येते. एवढंच. यात गॅस नाही, कसली जादू नाही. फक्त एक गोष्ट लोक विसरतात. जी हवा आत आली तिला बाहेर जायला वाट पाहिजे. समोरची खिडकी उघडी नसेल तर खोलीत ओल साचते आणि माणूस चिकट होऊन बसतो. कूलरची अर्धी गार हवा त्या समोरच्या खिडकीत असते, असं मी सगळ्यांना सांगतो. लोक मान डोलावतात आणि मी गेल्यावर खिडकी लावून घेतात. गारवा पळून जाऊ नये म्हणून.

हे ज्ञान मला सगळ्यात महाग पडलं ते आमच्याच घरी. पहिल्यांदा हातात चार पैसे आले तेव्हा मी स्वतःच्या हातानं एक कूलर केला, जाड पत्र्याचा, चांगल्या वाळ्याचा, आणि रेल्वेत हजार जणांची बोलणी खात कुडाळला नेला. मे महिना होता. आईला खाटेवर बसवलं, समोर कूलर लावला, शेजारपाजारचे बघायला आले. पंप तोच, ताटी तीच, हात माझेच. पण आमच्याकडच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की ताटीतलं पाणी सुकेचना. थोड्या वेळानं भिंतींना घाम सुटला, पापड मऊ पडले, आई पदरानं मान पुसत म्हणाली, "मेल्या, पैशे दिवन घाम इकत हाडलंस?"

अख्खं अंगण हसलं. तो कूलर पुढे कोंबड्यांचं खुराडं झाला आणि त्या कामाला मात्र फार टिकला. जे केल्यानं नागपुरात लोक मला देव मानतात, तेच केल्यानं माझ्या आईच्या घरात ओल येते. तिला माझ्या हातची गार हवा कधी मिळाली नाही, ही एक रुखरुख आहे. ती आता एकटी असते. महिन्यातून एकदा तरी फोनवर सांगते की, घरचा पंखा आवाज करतो. मी तिथल्या वायरमनला पाठवतो. तो मला सांगतो, पंख्याला काही झालेलं नाही.

उस्तादांनी मला पाना हातात देण्याआधी एक प्रश्न दिला. ते म्हणायचे, गिऱ्हाईक तुला काय झालं ते सांगेल. हवा येत नाही, पाणी चढत नाही, वास येतो. ते ऐकून घे आणि सोडून दे. मग विचार, तुम्ही काय केलं? कारण काही केल्याशिवाय काही होत नाही आणि आपण काय केलं ते कोणी आपणहून सांगत नाही. तेव्हापासून माझा हा प्रश्न ठरलेला. लोकांना राग येतो. एक वकीलसाहेब मला म्हणाले, मी काहीच केलं नाही, तुम्ही माझी उलटतपासणी करता काय? टाकीत बघितलं तर साबणाचा फेस. कूलरमधून चांगला वास यावा म्हणून त्यांनी शांपू ओतला होता. एका घरी पाण्यात बर्फाच्या लाद्या टाकून पंपाचं तोंड बंद केलेलं होतं. हसायची सोय नसते, कारण त्याच घरी दरवर्षी जावं लागतं.

मी स्वभावानं भित्रा आहे. उस्ताद म्हणायचे, तुझ्या भीतीची मजुरी वेगळी लाव. कूलर म्हणजे टिन, पाणी आणि वीज एका डब्यात. अर्थिंग नसेल आणि कुठं वायर सोललेली असेल तर हात लावताक्षणी माणूस जातो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्या वाचून मला जेवण जात नाही. म्हणून मी प्लग काढल्याशिवाय डब्याला बोट लावत नाही. टेस्टर लावून बघतो, आणि काम संपवून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन एकदा बघतो. गिऱ्हाइकांना वाटतं काहीतरी विसरलो. पण माझ्या हातच्या कूलरनं आजवर कोणाला झटका दिलेला नाही. या एका गोष्टीबद्दल मी कोणासमोरही छाती काढून उभा राहीन.

तर बेस्याची गोष्ट. तीच सांगायची म्हणून लिहायला बसलो.

बेसा म्हणजे नागपूरच्या कडेची नवी वस्ती. तिथं एका नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर सुनीलभाऊ आणि वंदनावहिनी राहतात. त्यांच्याकडे त्या वर्षी सुनीलभाऊंचे वडील आले होते, तुळशीरामजी. वहिनी त्यांना आबाजी म्हणायच्या, मीही तेच म्हणायला लागलो. आबाजी खाप्याचे, म्हणजे नागपूरजवळच्या विणकरांच्या गावचे विणकर. हातमागावर आयुष्य गेलेलं. बायको वारली तरी तिथंच एकटे राहत होते आणि माग चालवत होते. आदल्या उन्हाळ्यात त्यांना मागावरच ऊन लागलं, पडले. शेजाऱ्यांनी वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. तेव्हापासून सुनीलभाऊंनी त्यांना बेस्याला आणून ठेवलं होतं. खाप्याच्या घराला कुलूप होतं. हा उन्हाळा इथं नीट गेला की ते घर भाड्यानं द्यायचं, माग मोडून विकायचा, असं घरात ठरलेलं. हे मला वहिनींनी पहिल्याच भेटीत सांगितलं. कूलर उघडा असला की लोक घरचं सगळं सांगतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तक्रार साधी होती. हवा गरम. कूलर गॅलरीत स्टँडवर, त्याचं तोंड आबाजींच्या खोलीच्या खिडकीत. बघितलं तर पंपाची पिन सैल. बसवली, दहा मिनिटं थांबलो, खोली गार झाली. आबाजी तोंडावर दुपट्टा घेऊन पडले होते. दुपट्ट्याखालून म्हणाले, "बोलणं आपल्याकडचं नाही तुझं. कुठचा गा तू?"

मी सांगितलं.

"माय आहे?"

"आहे. गावी."

"मंग तू इथं काय करून राहिला?"

मी म्हटलं, तुमचा कूलर दुरुस्त करून राहिलो. दुपट्टा जरा हलला. हसले असावेत.

चार दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी पाणी वर चढत होतं, पण वरची नळी सरकून एक ताटी कोरडी पडली होती. नीट केली. पुन्हा फोन. या वेळी कूलर ठणठणीत, पण स्वयंपाकघराकडची खिडकी घट्ट लावलेली. वहिनी शपथेवर सांगत होत्या की सकाळी त्यांनीच ती उघडली. तेवढ्यात सुनीलभाऊंचा ऑफिसातून फोन आला. त्या फोन घेऊन ओट्याकडे वळल्या, पण आवाज मोठा होता. साधं कूलरचं काम जमत नाही का, म्हातारा माणूस भाजून निघतोय, असं काहीसं. वहिनींनी फोन ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता. पुसत पुसत मला म्हणाल्या, आता एसी घेऊन राहिले हो, माणूस मापं घ्याले येणार आहे, खिडक्या सगळ्या पॅक करतो म्हणे.

मी जिना उतरलो, टेस्टर घेऊन पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. डोक्यात एकच. मशीन बिघडतं ते एकाच जागी. आज जिथं अडलं तिथंच उद्या अडतं. रोज नवी जागा शोधतो तो माणूस.

चौथा फोन नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत आला. दुपारी गाडीच्या सीटवर हात ठेववत नव्हता. वहिनी दारातच म्हणाल्या, आबाजींनी सकाळपासून काही खाल्लं नाही, डोकं धरून पडले आहेत, ह्यांना फोन करायची भीती वाटते. मी गॅलरीत जाऊन प्लग काढला आणि बाजूची ताटी उचलली. पंपावरची नळी उपसून दुमडलेली होती आणि ती पुन्हा सरळ होऊ नये म्हणून दोऱ्यानं बांधलेली होती.

मी ती गाठ बघत राहिलो. आम्ही कूलरवाले तार पिळतो, नाहीतर टेप मारतो. ही सुताची गाठ होती, तिळाएवढी, दोन्ही टोकं जिथल्या तिथं तोडलेली. नखानं शोधावी लागली. तुटलेलं सूत जोडताना विणकर अशी गाठ मारतो, कापडात ती दिसू नये म्हणून. कोणी बिघडवायला गेला तर नळी उपसून तसाच जातो. इथं ज्यानं बिघडवलं त्याच्या हातांना वाईट काम करवत नव्हतं.

आणि मग लक्षात आलं. मी आलो तेव्हा प्लग चालू होता. ही गाठ दोन हातांनी मारावी लागते. म्हणजे म्हातारा चालू कूलरमध्ये, पाण्यात, दोन्ही हात घालून बसला होता.

वहिनी आंब्याचं पन्हं करायला आत गेल्या होत्या. मी दोरा तळहातावर घेऊन खाटेपाशी बसलो. म्हटलं, "आबाजी, काय झालं ते मला कळलं. काय केलं ते सांगा."

त्यांनी दुपट्टा बाजूला केला, दोऱ्याकडे बघितलं. नाही म्हणाले नाहीत. त्या कारागिराला ती गाठ नाकारता येत नव्हती.

"पोरगा म्हणे, इथं तुम्हाले काय तरास आहे ते सांगा. तरास नसन तं खाप्याले कायले जाता," आबाजी म्हणाले. "मी लय आठवलं. काहीच तरास नाही गा इथं. सून लेकीवानी करते. मंग तरास मीच तयार केला."

"आणि उन्हानं तुम्ही गेला असता तर?"

"थोडं थोडंच करत होतो," ते म्हणाले.

मला एरवी राग येत नाही, मला काळजीच येते. पण त्या दिवशी दोन्ही मिळून आलं. मी त्यांना वीज म्हणजे काय ते सांगितलं, टिन म्हणजे काय ते सांगितलं. सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या असत्या आणि तुम्हाला हात लावला असता तर दोघं गेला असता, हेही सांगितलं. मग म्हटलं, "तुम्ही केलं खाप्याला जायला. त्याचं झालं काय, माहीत आहे? एसी येतोय. खिडक्या बंद होणार. आणि रोज बोलणी बसतात ती वहिनींना. त्यांना साधा कूलर लावता येत नाही म्हणून."

आबाजी उठून बसले. "तिले?" म्हणाले. "तिले काहून?"

"पाणी त्या भरतात. खिडक्या त्या उघडतात. मग दोष कोणाचा निघणार?"

मग त्यांनी हाक मारली, वंदना म्हणून. वहिनी पन्ह्याचा ग्लास घेऊन आल्या. आबाजी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "कूलर मी बिघडवून राहिलो होतो. पहिल्या दिवसापासून. मले खाप्याले जाचं आहे."

वहिनींनी ग्लास स्टुलावर ठेवला. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "हे मले काहून नाही सांगितलं आबाजी?"

"सांगतलं असतं तं जाऊ दिलं असतं का वं तू?"

"नसतं जाऊ दिलं. पण आपण भांडलो तं असतो नं. मी इथं एकटीच कूलरशी भांडून राहिली."

मग त्यांनी तो ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला आणि पूर्ण संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

संध्याकाळी सुनीलभाऊ आले तोवर मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. त्यांनी सगळं ऐकलं. पहिला राग माझ्यावर निघाला, की तुम्ही कूलरचं बघा, आमच्या घरचं बघू नका. ते बरोबरच होतं. मी पाने पिशवीत भरायला लागलो. मग ते वडिलांच्या खाटेवर बसले. वहिनी मधेच म्हणाल्या, एसीच्या माणसाले फोन करा, नको म्हणा. सुनीलभाऊंनी केला. फोन ठेवून मला विचारलं, खाप्याच्या घरात कूलर बसेल का?

हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

मीच गेलो खाप्याला. आबाजींचा माग खड्ड्यातला आहे. विणणारा पाय खाली सोडून बसतो, माग जमिनीच्या पातळीवर. खोलीला एकच खिडकी होती. मी आधी समोरच्या भिंतीत दुसरी पाडून घेतली. मग कूलर मागासमोर लावला तर आबाजी म्हणाले, तिथं नको, वाऱ्यानं ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, फडफडते. बाजूला घेतला. अर्थिंगचा खड्डा मी स्वतः खणला. जरा वेळानं त्यांनी सुताला बोट लावून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. हवेत ओल असली की सूत तुटत नाही. ते लोक उन्हाळ्यात त्यासाठी खोलीत पाणी शिंपडतात. "हे तं आमच्या सुतासाठीच बनवलं गा कोणी," ते म्हणाले. कुडाळला ज्या ओलीनं माझी फजिती झाली, ती ओल इथं कामाला आली. पत्र्याच्या डब्याला आयुष्यात एकदा तरी योग्य जागा मिळावी लागते.

कबूल झालेलं असं, की भर दुपारी माग बंद, रोज सकाळी वहिनींना फोन, आणि कूलरच्या आत हात घालायचा नाही, काही झालं तरी मला बोलवायचं. मी बसस्टँडवर पोचलो आणि परत फिरून अर्थिंग एकदा तपासून आलो. आबाजी मागावर बसलेलेच होते. म्हणाले, "काहून गा, जीव इथंच राहिला काय तुझा?"

पुढच्या उन्हाळ्यात खाप्याहून त्यांचा फोन आला. हवा गार येत नाही म्हणे. मी दुपार टाळून सकाळीच गेलो. पिशवी खाली ठेवायच्या आधी, सवयीनं, विचारलं, काय केलं?

आबाजींनी हातातला धोटा ठेवला. "समोरची खिडकी लावून घेतली," ते म्हणाले. "मीच लावली. तू येऊनच नव्हता राहिला."

मी खिडकी उघडली. मग आम्ही चहा घेतला आणि मी दुपारपर्यंत तिथंच होतो. काही दुरुस्त केलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी आईला फोन लावला आणि सांगितलं, ह्या दिवाळीक येतंय, चांगलो पंधरा दिवस रवतंय. तिकीटही काढलं. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा मी तिथंच असेन. फोनवर आई म्हणाली, "पंखो आता बरो चलता हां."

काय केलंस, असं मी विचारलं नाही.